चुलीचा धूर

मार्गळी महिन्याची थंडी पडली की कारखान्याचा धूर वर चढेनासा व्हायचा आणि मेट्टूरच्या त्या गल्लीत सकाळभर ठाण मांडून बसायचा. इडल्या विकून घर चालवणाऱ्या पोन्नम्माच्या नातीला नेमकी तेव्हाच धाप लागायची. कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तिरुमारन त्याच गल्लीत वाढलेला. तो दरवेळी म्हणायचा, "कारखान्याला कशाला नावं ठेवता, अम्मा? हा तुमच्या चुलीचा धूर आहे. नातीच्या जिवापेक्षा इडल्या मोठ्या आहेत का?"

पोन्नम्माच्या काळजाला ते लागलं. "आपल्याच गल्लीतला पोरगा, खोटं कशाला सांगेल?" असं म्हणत तिने तीस वर्षांची चूल स्वतःच्या हाताने फोडली आणि चार घरची धुणीभांडी धरली.

पुढच्या मार्गळीत पोर पुन्हा धापा टाकायला लागली. तिला कडेवर घेऊन पोन्नम्मा दवाखान्यात धावली, तर डॉक्टरची खुर्ची रिकामी.

नर्स म्हणाली, "डॉक्टर उद्या येतील, अम्मा. बायकोमुलांना कोडाईकनालला पोचवायला गेलेत. कारखान्याचा धूर लेकरांना सोसत नाही ना, म्हणून दर थंडीत त्यांना तिकडेच ठेवतात."