जोडपंच पाहिजे

"एकटा माणूस नको," गाडीतून उतरता उतरता हर्षल म्हणाला. "जोडपं असेल तरच ठेवायचं. नाहीतर एजन्सीची माणसं आणू नाशिकहून."

सुवर्णा मागच्या सीटवरून नमुन्याच्या बाटल्या काढत होती. नाशिकला ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. घर घ्यायच्या आधी तिथलं पाणी तपासायचं, एवढी एकच अट तिने नवऱ्याला घातली होती.

इगतपुरीच्या पुढे, धरणाच्या काठावरचं ते घर मुंबईच्या एका डॉक्टरांचं होतं. चार खोल्या, पडवी आणि समोर पाणी. शनिवार-रविवार पर्यटकांना भाड्याने जायचं. डॉक्टर आता मुलाकडे परदेशी निघाले होते. पुंजाराम आणि शकुबाई बारा वर्षं तिथे राहून घर सांभाळतात, तेच दाखवतील, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

पुंजाराम फाटकाशी उभा होता. साठीचा, वाळलेला, टोपी कानांपर्यंत ओढलेली.

हर्षलने मोबाइलवर जाहिरातीतला फोटो उघडला. "काय मामा, फोटोत तर झुपकेदार मिशी आहे!"

"काढली साहेब. वाढणाऱ्याला मिशी, म्हणजे पाहुण्याला ताटात केसाची धास्ती."

हर्षल मोठ्याने हसला. "आणि मावशी कुठायत?"

"आत हाय. चुलीपाशी."

पुंजारामने घर दाखवलं. पत्रा कुठे गळतो तेही त्याने आपणहून सांगितलं. भात कापून झालेली खाचरं पार पाण्यापर्यंत उतरत गेली होती. हर्षल भिंती ठोकून पाहत होता. सुवर्णाने विहिरीचं पाणी भरून घेतलं, बाटलीवर तारीख लिहिली.

"घर विकलं गेलं तर तुम्ही कुठे जाल, मामा?" तिने विचारलं.

पुंजारामने हनुवटीने धरणाकडे दाखवलं. "गाव तिथं हाय ताई. पाण्याखाली. मूलबाळ नाय. हितून पाणी तरी दिसतं."

"जायचं कशाला? तुम्ही दोघं असाल तर मला एजन्सीची काय गरज?" हर्षल म्हणाला. "माणसं परत येतात ती मावशींच्या हातासाठी. हे बघा, सगळ्यांनी लिहिलंय. शकुमावशींचं लसणाच्या फोडणीचं वरण. आज खाऊन बघू, मग ठरवू."

"व्हय साहेब," पुंजाराम म्हणाला आणि आत गेला.

पडवीत पानं मांडलेली होती. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि पुंजाराम नागलीच्या भाकरी घेऊन बाहेर आला. त्याच्या मनगटापर्यंत पीठ लागलेलं होतं.

"मामांना कामाला लावलंय मावशींनी," हर्षल म्हणाला. "आमच्याकडे पण हेच चालतं."

"वय झालं आता तिचं. हातभार लावावा लागतो."

भाकरीच्या कडा फाटलेल्या होत्या. भात मऊ होता. हर्षलने वरणाचा घास घेतला आणि पुन्हा वाटीत पाहिलं.

"मामा, फोडणी नाही याला?"

पुंजारामच्या हातातला डाव वाटीवरच राहिला. "तेल संपलं, साहेब. दुकान लांब हाय."

"अहो, पण आम्ही येणार हे माहीत होतं ना? ज्यासाठी लोक येतात तेच नाही म्हणजे..." हर्षलने वाटी जरा बाजूला सारली.

पुंजारामच्या टोपीखालून घामाचा ओघळ आला होता. नोव्हेंबरचा वारा पाण्यावरून थेट पडवीत येत होता.

सुवर्णाने हात धुतला आणि दुसरी बाटली उचलली. "आतल्या नळाचं पाणी घेऊन येते."

"मी आणून देतो की, ताई. ती लाजती पाहुण्यांना."

"बायकाबायकांत कसली लाज?" म्हणत ती आत गेली.

पुंजाराम जागचा हलला नाही. डावातलं वरण थेंबाथेंबाने जमिनीवर पडत होतं. हर्षल मोबाइल पाहत होता. दोघांचा नवीन फोटो काढावा लागेल, असं काहीतरी तो म्हणाला. आत नळ सुरू झाला आणि बंद झाला. त्यानंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

सुवर्णा बाहेर आली तेव्हा बाटली भरलेली होती. झाकण घट्ट होतं आणि तारीख लिहिलेली होती.

"भेटल्या?" हर्षलने विचारलं.

"हो."

"काय म्हणतात?"

"थकल्यात फार." ती पानावर बसली आणि वाटीतलं वरण भातावर ओतून घेतलं. "ठेवू या दोघांना. मावशी शिकवतील, मामा करतील. महिनाभर मात्र पाहुणे घ्यायचे नाहीत. पाण्याचा रिपोर्ट यायचाय."

"रिपोर्टला महिना? एरवी आठ दिवसांत देतेस."

"या पाण्याला लागेल."

हर्षलने हात जोडले. तिने एकदा तपासलं की विषय संपला, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. "ठरलं मग! मामा, मावशींना सांगा, तुम्ही दोघं इथेच."

पुंजारामने सुवर्णाकडे पाहिलं. तिने पानातला शेवटचा घास संपवला. त्याने टोपीला हात लावला. काढली मात्र नाही.

"सांगतो," तो म्हणाला. "आत्ताच सांगतो."

निघताना हर्षलने खिडकीतून हात हलवला. "येतो मामा!"

सुवर्णा काही न बोलता गाडीत बसली.

घाटाच्या रस्त्याला लागल्यावर हर्षल म्हणाला, "माणसाने इतकं जेवू घातलं आणि तू साधं 'येते' पण म्हणाली नाहीस."

"नाही म्हटलं."

"मावशींना तरी म्हणालीस की नाही?"

सुवर्णाने मांडीवरच्या बाटल्या दोन्ही हातांनी धरल्या आणि खिडकीबाहेर पाहिलं.

आतल्या फळीवर तेलाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि चुलीपाशी, चाळलेल्या पिठावर, दक्षिणेकडे तोंड केलेला एक दिवा जळत होता.