वरून नवीन

सत्त्याण्णवचा जुलै. आखातात, रास अल खैमातल्या एका बंगल्यात एसी दिवसभर चालूनही खोल्या गार होत नव्हत्या. छपराखालच्या माळ्यावर ग्लासवूलचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या काचेच्या कापसाचा, जुना थर होता. त्यावर आणखी एक थर घालायला गणू वर चढला. गुहागरकडचा गणू दहा वर्षं हेच काम करत होता.

"जुनं काढत बसू नकोस. वरून नवीन टाक, खलास!" कॉन्ट्रॅक्टर सत्यजितसाहेब खालून ओरडले.

गणूने हातमोजा काढून जुन्या थरात बोटं खुपसली.

"नाय साहेब, जुनं ओलं हाय. एसीचं पाणी मुरलंय. वरून कळत नाय, पण यावर नवीन घातलं तर आतल्या आत कुजंल. आधी सुकू द्या."

साहेब चरफडले, पण थांबले. यातलं गणूला जास्त कळायचं.

शुक्रवारी गणूने बूथवरून गावी आईला फोन लावला. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको सगुणा गेली. सुट्टी मिळून तो घरी पोचला, तेव्हा तिचं तेरावंही उरकलं होतं.

"किती दिवस असा राहशील, गणू?" आई म्हणाली. "ममताच्या घरचे लग्नाला तयार हायत. नवी बायको घरात आली की जुनं सगळं झाकलं जातं रे."



 

"आये, जुनं अजून ओलं हाय."