लाईट गेल्यावर

रिटायर झाल्यावर पेपर, पुस्तकं आणि कुस्त्यांचे व्हिडिओ एकाच ठिकाणी बघायला मिळावेत म्हणून दादासो बायकोला, अंजनाबाईंना, घेऊन शाहूपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. तिथं काम करणाऱ्या प्रियदर्शनीनं परवडतील असे दोन छोटे लॅपटॉप पुढं ठेवले.

"किंमत सारखीच हाय, काका. हा दिसायला देखणा, पण लाईट गेली की तासाभरात बंद पडतोय. हा साधा, पण पाच तास चालतोय."

"मग ह्यो साधाच दे. लोडशेडिंगची कटकट मिटली!" दादासो खूश झाले.

अंजनाबाईंनी देखण्यावर बोट ठेवलं. "ह्याच्याहून लवकर बंद पडणारा न्हाय व्हय, पोरी?"

"लवकर बंद पडणारा? कशाला, मावशी?"

"लाईट गेली की टीव्ही बंद पडतोय. तेवढंच हे माझ्यासंगं बोलत्यात."

प्रियदर्शनीला हसावं की नाही कळेना. दादासोंनी पाच तासांचा लॅपटॉप हळूच मागं सारला.

"तासाभराचाच बांध, पोरी," ते म्हणाले. "पण हिला एवढं सांग, माझ्या बहिणीचा विषय सोडून बोलायचं."