वरून विझलेली

इलेक्ट्रिक मोटारीची आग विझली, बंब परत निघाला. "सासूबाईंकडे लक्ष ठेव, पुन्हा भडकतील!" बंबाचा चालक मोटारीकडे बोट दाखवत हसून म्हणाला. मोकळ्या मैदानात जळकी मोटार आणि तिच्यापासून दूर, खुर्चीवर एकटा अग्निशमन जवान उरला. दुपारी लेकीचा फोन आला. महिन्यातला एकच शनिवार बापलेकीला एकत्र मिळायचा, तो आजचा. "बाबा, आग विझली ना? मग ये की." "वरून विझली गं. बॅटरीत शेकडो सेल असतात. आतला एखादा धुमसत राहतो, शेजारच्याला पेटवतो. तिथं पाणी पोचत नाही." "मग तू काय करतोयस?" "बसलोय. मधूनमधून तापमान बघतो." "कधीपर्यंत?" "उद्या संध्याकाळपर्यंत. शांत दिसली म्हणून सोडून जायचं नसतं." "भांडण झाल्यावर आईपण शांत झाली होती. तेव्हा तू का गेलास?" त्यानं मोटारीचं तापमान पुन्हा बघितलं. शेवटी तिनंच विचारलं, "बाबा, जेवलास का?"