ब्रेकवरचा पाय

बसच्या ड्रायव्हरने साखर केव्हाच सोडली होती, पण साखरेने त्याला सोडलं नव्हतं. पहाटेचं फिरणं, वेळेवर गोळ्या, बिनसाखरेचा चहा, सगळं करूनही तळपायांची बधिरता वाढतच होती. आज थांब्यावर एक म्हातारी बससमोरून रस्ता ओलांडत असताना कंडक्टर ओरडला, “दादा, गाडी सरकतेय, ब्रेक दाबा.” “दाबलाय की,” म्हणत त्याने खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी नुसताच टेकलेला होता. त्याने झटकन हँडब्रेक ओढला. म्हातारी वीतभर अंतरावरून निघून गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली कंडक्टरच्या हवाली केली. “डेपोला फोन कर. दुसरा ड्रायव्हर मागव.” “आणि उद्या, दादा?” स्टिअरिंग सोडून दुसरं काही त्याने जन्मात हातात धरलं नव्हतं. तो उठून मागे गेला आणि प्रवाशांमध्ये जाऊन बसला.