आणखी चतकोर

"दादा, भाकरी परत का ठेवलीस?" शैलानं विचारलं. काविळीनं तिचे डोळे पिवळे झाले होते. पुढच्या महिन्यात दत्ताराम आपल्या या बहिणीला यकृताचा भाग देणार होता. यकृतातली चरबी उतरावी म्हणून चार महिने अर्धपोटी राहून त्यानं वजन कमी केलं होतं.

"डॉक्टर म्हणाले ना, आता वजन उतरवणं पुरे. खाणं हळूहळू वाढवा, आहे तेवढं टिकवा," तीच पुढे म्हणाली.

"चरबी परत चढली तर? ऐनवेळी मला नको म्हणाले, तर तुला कोण देणार?" उपाशी असलं की त्याला धीर वाटायचा, पोट भरलं की धास्ती.

शैला म्हणाली, "मलाही भीती वाटते, दादा. असाच खंगत गेलास आणि ऑपरेशननंतर उठलाच नाहीस, तर मी काय करू?"

हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्यानं अर्धी भाकरी ताटात घेतली आणि आमटीत कुस्करून खाल्ली.

आठवड्यानं वजन केलं, तेव्हा काटा तिथंच होता. तरी आणखी चतकोर उचलून त्यानं तो परत ठेवला. शेवटी शैलानंच तो त्याच्या ताटात वाढला.