विणीच्या हंगामातली दया

"माणूस मोठा होतो तो दयेनं, हिरामण," धरणाच्या मधोमध होडीत बसलेले गुप्तेसाहेब म्हणाले आणि चिमट्यानं महाशीर माशाच्या तोंडातला गळ उपटला. गळासोबत थोडा जबडाही आला.

वल्ही धरून बसलेला हिरामण भोई चाचरत म्हणाला, "साहेब, एवढा मला द्या. लेक पहिल्या बाळंतपणाला आलीया. आठ दिस एकच म्हनती, बा, माशाचं कालवण कर. विणीचा हंगाम म्हणून आमची जाळी मच्छीमार सोसायटीनं कुलपात घातलीत. गळाची परवानगी तेवढी तुमच्या क्लबला."

"अरे, ही मादी आहे, पोटुशी!" साहेब कळवळले. "आम्ही पकडतो, पण सोडून देतो."

मासळीला छातीशी धरून त्यांनी हिरामणकडून सात फोटो काढून घेतले आणि तिला हळुवार पाण्यात सोडलं. ती दोनदा वळली आणि पांढरं पोट वर करून तरंगू लागली. हिरामणनं हात लांबवला.

"हात लावू नकोस. नियम म्हणजे नियम."

घारींना क्लबचे नियम ठाऊक नव्हते. त्या उतरल्या.

हिरामण वल्ही मारू लागला. साहेबांनी डबा उघडला. तळलेल्या सुरमईचा वास होडीभर पसरला.

"हिरामण," ते मायेनं म्हणाले, "काठाला लागलो की तुझ्या घरून एक लिंबू आणतोस का रे?"